घरच्या टाकीत नवीन प्रवाळ आणताय? आधी हे ऐका

आजचा भाग लिखित स्वरूपात. विषय आहे खाऱ्या पाण्याच्या टाकीत नुकतंच आणलेलं प्रवाळ, म्हणजे कोरल, कसं जगवायचं. आपण बोलतोय बिद्रीसारख्या गावात बसून. आजूबाजूला ऊस, साखर कारखाना, जवळ दूधगंगा. समुद्र घाटाखाली. म्हणजे आपल्या टाकीतला समुद्र आपल्यालाच तयार करावा लागतो, आणि तो रोज सांभाळावा लागतो.

प्रवाळ म्हणजे नेमकं काय?

अंगठीतलं पोवळं बघून अनेकांना वाटतं हा दगड आहे. तसं नाही. प्रवाळ हा प्राणी आहे. पॉलिप नावाचे छोटे छोटे जीव एकत्र राहतात. त्यातले काही चुन्याचा कठीण सांगाडा बांधतात, त्यांना हार्ड कोरल म्हणतात. काहींचं अंग मऊच राहतं, ते सॉफ्ट कोरल. अनेकांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी फार तापलं किंवा उजेड एकदम वाढला की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर होतंय. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं.

विकत घेण्याआधी कायदा बघा

हा मुद्दा दुकानदार बऱ्याचदा सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळी रीफ बांधणारी हार्ड कोरल आहेत. शिवाय काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सी फॅन. म्हणजे वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. बाजारात हॅमर, टॉर्च, ब्रेन, ॲक्रोपोरा या नावांनी जे विकलं जातं ते हार्ड कोरलच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. मेलेला सांगाडासुद्धा यातच येतो.

आणि हो, मालवणला फिरायला गेलात तर तिथून दगडाचा तुकडा उचलून आणू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे. विजयदुर्गपासून साधारण १०५ किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. महाराष्ट्राकडे प्रवाळ आहे ते थोडक्याच ठिकाणी.

मग नाद करायचाच असेल तर काय घ्यायचं? मश्रूम, झोआ, लेदर, झेनिया. ही या यादीत नाहीत आणि नवशिक्याला झेपणारी आहेत. तरी पक्कं बिल मागा आणि माल कुठून आला ते विचारा. उत्तर गोल गोल आलं तर घेऊ नका.

पाणी: इथेच सगळं ठरतं

बोअरचं किंवा नळाचं पाणी चालत नाही. आरओचं घ्या आणि टीडीएस शून्याच्या जवळ आहे का तपासा. पिण्याच्या आरओमध्ये टीडीएस मुद्दाम थोडा ठेवलेला असतो, तो चालणार नाही. मीठही स्वयंपाकाचं नाही, मरीन सॉल्टच. एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम.

क्षारता ३५ पीपीटी, तापमान २५ ते २६ अंश. नायट्रेट अगदी शून्य नको, २ ते १० पीपीएम ठीक.

आता एक हिशोब बघा. १०० लिटरच्या टाकीतून उन्हाळ्यात रोज २ लिटर पाणी उडालं, तर पाच दिवसांत १० लिटर गेलं. मीठ मात्र उडत नाही, मिठागरात राहतं तसं मागेच राहतं. म्हणजे क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९ वर. म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याने घाला, खाऱ्या पाण्याने नाही. टाकीवर लहान पंखा लावला की पाणी दोन-तीन अंश थंड राहतं, पण उडतंही जास्त. तेवढं लक्ष ठेवा.

पहिला दिवस

पार्सल लांबून येतं. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो, अमोनियाही जमतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून तासन् तास थेंब थेंब पाणी सोडत बसू नका.

१. बंद पिशवी टाकीच्या पाण्यात १५-२० मिनिटं तरंगू द्या. लाइट बंद.
२. पिशवी उघडून थोडं थोडं टाकीचं पाणी घाला. २० ते ३० मिनिटांत आटपा.
३. कोरल डिपमध्ये बुडवा, वेळ बाटलीवर लिहिलेली असते तेवढीच. नको ते किडे, अंडी, गोगलगाई इथेच निघतात.
४. पिशवीचं पाणी टाकीत ओतू नका.
५. शक्य असेल तर दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. नाहीतर मुख्य टाकीत तळाशी, कमी उजेडात ठेवा. दोन आठवड्यांत हळूहळू वर न्या.

झोआ असेल तर हातमोजे आणि चष्मा

झोआ आणि त्याच्या जवळच्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं. हातावर चिरा असताना हात घालू नका. आणि ज्या दगडावर झोआ आहे तो कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, ब्रशने घासू नका. वाफेतून विष श्वासात जातं, आणि अशाने घरातली सगळी माणसं दवाखान्यात गेल्याच्या घटना जगात घडल्या आहेत. दम लागणं, ताप, अंग दुखणं, तोंड कडू होणं असं काही वाटलं तर लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द सांगा.

मिटलंय की मरतंय?

नवीन प्रवाळ दोन-चार दिवस मिटून राहतं. लेदर तर आठवडाभरही मिटतं, वर मेणासारखा थर येतो, तो गळून पडतो. हे नेहमीचं आहे. रोज जागा बदलू नका, उगाच खाणं घालू नका.

काळजी कधी? वास मारायला लागला, अंग विरघळतंय, तपकिरी चिकट पदार्थ सुटतोय, तर लगेच बाहेर काढा. एक मेलेला तुकडा अख्खी टाकी बिघडवू शकतो.

लाइट गेली तर

तासाभराने काही होत नाही. जास्त वेळ गेली तर आधी ऑक्सिजन संपतो, उजेडाचं नंतर बघू. सेलवर चालणारा एअर पंप घरात असू द्या, आणि इन्व्हर्टर असेल तर त्यावर आधी पाणी हलवणारा पंप जोडा.

शेवटचं एवढंच. टाकी सुरू करून तीन-चार महिने झाले नसतील, तर प्रवाळ आत्ता आणू नका. रोजचं पाणी मोजून वहीत लिहा. महिनाभर आकडे एकसारखे आले, की मगच ऑर्डर द्या. भेटू पुढच्या भागात!