कुरतडलेल्या पानांची बाग

कढीलिंबाच्या कुंडीत एके दिवशी कुरतडलेली पाने दिसतात. शोधू लागलो, तर एखाद्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी चिकटलेले आढळते. निरखून पाहावे, तर ते हळूच सरकते! ती असते अळी. घरातले कोणीतरी लगेच कीटकनाशकाची बाटली काढते. पण थोडे थांबा. ही अळी आहे तरी कोणाची?

कढीलिंब आणि लिंबू ही एकाच कुळातील झाडे होत. पिवळसर ठिपक्यांचे काळे लिंबू-फुलपाखरू त्यांच्या कोवळ्या पानांवर एकेक अंडे घालते. लहान अळी विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला सहसा टिपत नाहीत. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते. तिला काडीने हळूच डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुहेरी शिंग बाहेर येते व उग्र वास सुटतो. हे तिचे संरक्षण. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या 'राणी पाकोळी'च्या अळ्याही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढतात.

फुलपाखरू मधासाठी अनेक प्रकारच्या फुलांवर बसते. अळीला मात्र ठराविक झाडांचीच पाने चालतात. म्हणून नुसती शोभेची फुले लावली, तर फुलपाखरे पाहुणी म्हणून येतील, पण त्यांची पिढी तेथे वाढणार नाही.

कुंपणाशी रुईचे एखादे झुडूप असू द्या. तिच्या विषारी चिकावर वाढणाऱ्या अळीच्या शरीरात ते विष साठते आणि पुढे तिच्या फुलपाखरालाही पक्षी टाळतात. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

सगळ्याच अळ्या काही फुलपाखरे होत नाहीत. पाने शिवून घरटे करणारा शिंपी पक्षी आणि फुलांतील मध पिणारा शिंजीर, दोघेही आपल्या पिल्लांना कीटक भरवतात. आपण अळ्यांवर औषध फवारले, तर पिल्लांच्या तोंडचा घास जातो.

तेव्हा कढीलिंबाची दोन रोपे लावा : एक स्वयंपाकघरासाठी, दुसरे अळ्यांसाठी. त्यावर फवारणी करू नका. अंडे दिसले की तारीख वहीत लिहा. कात, कोष, फुलपाखरू यांच्याही तारखा नोंदवा. महिन्याभरात वहीत एक संपूर्ण जीवनचक्र उतरलेले असेल. मग कुरतडलेले पान दिसले, तर वाईट वाटेल का?