बंद ट्रेलरमधला हिवाळा

मिनियापोलिस, जानेवारी

शुक्रवारी दुपारी तीन वाजून गेले की इथून डुलुथकडे जाणाऱ्या ३५ क्रमांकाच्या महामार्गावर मोठमोठे पिकअप ट्रक दिसू लागतात. प्रत्येकामागे वीस-पंचवीस फूट लांबीचा, बिनखिडक्यांचा, पुढे निमुळता होत गेलेला एक बंद डबा. नवख्या माणसाला वाटावं, अर्धं शहर बिऱ्हाड हलवतंय. आत असतात स्नोमोबिली: पुढे दोन स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा आणि वर बसायला सीट. दोन दिवस उत्तरेच्या जंगलात बर्फावर भटकायचं आणि रविवारी रात्री घर गाठायचं, हा इथल्या हजारो कुटुंबांचा हिवाळ्यातला नेम आहे.

अमेरिकेतल्या हिवाळ्यावर आपल्याकडे बरंच छापून येतं. त्यात बर्फ असतो, फावडं असतं, एकटेपणाही असतो. ट्रेलर कधी नसतो. पण मिनेसोटातली दोन स्नोमोबिलवाली माणसं भेटली की पाच मिनिटांत बोलणं ट्रेलरवर येतं. फाळका कसा उघडतो, तळाला पाणी साचतं का, गंज कुठून सुरू झाला. स्वतः स्नोमोबिल न चालवताही या गप्पा ऐकून ऐकून मला इथला हिवाळा पुष्कळ कळला.

स्नोमोबिलचं हे जवळजवळ माहेरच. कॅनडाच्या सीमेजवळच्या रोझो गावात, एका छोट्या कारखान्यात, १९५०च्या दशकाच्या मध्यावर पहिली पोलॅरिस तयार झाली. संस्थापकांपैकी एडगर हेटीन काही वर्षांनी तिथून बाहेर पडले आणि जवळच्याच थीफ रिव्हर फॉल्समध्ये त्यांनी पुढे ‘आर्क्टिक कॅट’ या नावाने गाजलेला कारखाना काढला. तिकडे क्वेबेकमध्ये बोंबार्डिए यांची स्की-डू १९५९ साली बाजारात आली होती. राल्फ प्लेस्टेड हे मिनेसोटाचे विमा विक्रेते तर १९६८ मध्ये स्नोमोबिलवरून थेट उत्तर ध्रुवावर पोहोचले. ट्रेलरची तेव्हा कुणाला फारशी पडलेली नव्हती. जुनी माणसं सांगतात, अंगणात इंजिनाची दोरी ओढायची आणि शेतातून निघायचं.

आता बर्फ अंगणात येईलच याचा भरवसा उरलेला नाही. २०२३-२४चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींमधला सर्वांत उबदार ठरला. राज्यात २२,००० मैलांहून अधिक लांबीच्या स्नोमोबिल ट्रेल आहेत. बहुतेक ट्रेल गावोगावच्या क्लबांचे स्वयंसेवक राखतात, रात्रीबेरात्री यंत्र फिरवून बर्फ सपाट करतात, आणि कित्येक ठिकाणी शेतकरी आपल्या जमिनीतून ही वाट जाऊ देतात. व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने सतत कंठशोष करणाऱ्या देशात हा सहकार पाहून मला दर वेळी नवल वाटतं. पण वाट तयार असली तरी वर बर्फ हवा ना! दक्षिणेकडची माणसं म्हणून उत्तरेला जातात, नाहीतर विस्कॉन्सिन ओलांडून मिशिगनच्या कीविनॉ द्वीपकल्पात. सुपीरियर सरोवरावरून येणारा ओला वारा तिथे बर्फाचे ढीग लावतो. १९७८-७९च्या हिवाळ्यात तिथे ३९०.४ इंच, म्हणजे साडेबत्तीस फूट बर्फ पडला होता, आणि तो आकडा दाखवणारी उंच पट्टी रस्त्याकडेला उभी आहे.

बरं, स्नोमोबिल डांबरी रस्त्याने चालवत नेता येत नाही. कायद्याचा भाग सोडा, यंत्रालाच ते सोसत नाही. इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या पट्ट्या मागच्या पट्ट्याच्या वर बसवलेल्या असतात, आणि पट्टा फिरताना उडणारा बर्फ त्यांच्यावर बसला तरच त्या थंड राहतात. पट्टा ज्या प्लास्टिकच्या रुळांवर सरकतो त्यांनाही वंगण बर्फाचंच. कोरड्या रस्त्यावर चार-पाच मैलांतच रूळ वितळायला लागतात आणि इंजिन तापतं. म्हणजे बर्फासाठी जन्मलेल्या या यंत्राला बर्फापर्यंत पोहोचवायला दुसरं वाहन लागतं.

उघडा ट्रेलर स्वस्त पडतो, हलकाही असतो. तरी लोक बंद ट्रेलरमागे लागतात, त्याचं मुख्य कारण मीठ. इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ ओततात. साधं मीठ उणे ९ सेल्सिअसच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून त्यात मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. हे क्षार हवेतली ओल धरून ठेवतात, लवकर वाळत नाहीत आणि चिकटपणे फटीफटीत जाऊन बसतात. उघड्या ट्रेलरवरून नेलेली स्नोमोबिल दीडशे मैलांनंतर पांढऱ्या खारट पुटाखाली ओळखू येत नाही. (याच मिठाने इथली तळीही खारावत चालली आहेत. चमचाभर मीठ पाच गॅलन पाणी कायमचं बिघडवतं, असं राज्याचं प्रदूषण नियंत्रण खातं सांगत असतं. लोक मान डोलावतात आणि आपल्या दारातल्या वाटेवर पुन्हा मूठभर फेकतात.)

बंद ट्रेलरमुळे मिठाची धाड स्नोमोबिलवरून ट्रेलरवर जाते, इतकंच. पोलादी सांगाड्याला काही हिवाळ्यांतच पोपडे सुटतात, म्हणून जाणकार मंडळी सबंध ॲल्युमिनियमचा, जोडकाम वेल्डिंगने केलेला सांगाडा मागतात. त्यातही गोम आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात साधा पोलादी स्क्रू पिळला आणि त्यावर खारं पाणी गेलं की दोन धातूंमध्ये वीज खेळू लागते आणि स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते. त्यामुळे बाहेरचे पत्रे स्क्रूऐवजी चिकटवून बसवण्याची पद्धत आली आहे. दिसायला छान दिसतं म्हणून विक्रेते तिचं कौतुक करतात. खरं कौतुक भोकं नसण्याचं आहे.

सप्टेंबरात नॉर्थ ब्रांच गावाजवळ ‘हे डेज’ नावाची मोठी जत्रा भरते. बर्फाचा पत्ता नसताना गवतावर स्नोमोबिलींच्या शर्यती लागतात, जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो आणि नवे ट्रेलर रांगेने उभे असतात. आमचे शेजारी मला एकदा तिथे घेऊन गेले. साचे बनवण्याच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेलेला. विक्रेता आतले दिवे, कपाटं, रंगसंगती दाखवत होता. शेजाऱ्यांनी शांतपणे खिशातून लोहचुंबक काढलं आणि बिजागऱ्यांना, कड्यांना, फाळक्याच्या तारेच्या खिळ्याला लावून पाहिलं. मग सरळ गवतावर पाठ टेकून ते ट्रेलरखाली गेले. बाहेर आले तेव्हा त्यांना कपाटांत काडीचाही रस उरला नव्हता. “वायरी उघड्याच आहेत,” एवढं बोलून ते पुढच्या ट्रेलरकडे वळले.

आतला शत्रू म्हणजे पाणी. दिवसभर भटकून आलेल्या स्नोमोबिलच्या पोटात आणि पट्ट्यात किलोच्या किलो बर्फ घट्ट बसलेला असतो. चार गाड्या आत घेतल्या आणि जरा ऊब मिळाली की तो बर्फ वितळतो, तळ भिजतो आणि रात्री पुन्हा गोठतो. सकाळी स्की तळाला चिकटलेल्या सापडतात. प्लायवूडच्या कडा फुगतात, हेल्मेटच्या अस्तराला बुरशी धरते. छताला अस्तर नसेल तर श्वासांची आणि ओल्या कपड्यांची वाफ पत्र्याला आतून लागून गोठते, आणि ऊन चढलं की ट्रेलरच्या आतच पाऊस पडतो. यावर उपाय स्वस्त आहेत आणि तरी कित्येक महागड्या ट्रेलरांत ते नसतात, याचंच मला आश्चर्य वाटतं. तळाला किंचित उतार हवा, कोपऱ्यांत बुचं लावलेली भोकं हवीत, प्लायवूडच्या कडा बंद केलेल्या हव्यात. हवा खेळायला एक झडप पुढे खाली आणि एक मागे वर. माझं मत विचाराल तर आत गाणी वाजवणारे स्पीकर बसवण्याआधी हे करावं.

तळाचं आणखी एक दुखणं आहे. वळताना पकड यावी म्हणून स्कीखाली कार्बाइडची धारदार पट्टी असते, आणि कित्येकांच्या रबरी पट्ट्यात खिळे ठोकलेले असतात. ही गाडी साध्या फळीवरून चढवली तर फळीची किसणी होते. म्हणून स्की जिथून जातात तिथे जाड प्लास्टिकच्या पट्ट्या आणि मधोमध खरखरीत रबर. हे रबर विसरून सगळीकडे गुळगुळीत प्लास्टिक लावणारे महाभागही असतात. त्यांचा पट्टा फाळक्यावर नुसता गरगर फिरतो आणि गाडी जागची हलत नाही. आत गेल्यावर दोन्ही स्कीवरून एक आडवी दांडी टाकून मधला दांड्याचा स्क्रू आवळायचा. तो दांडा जाड हातमोज्यात मावतो का, हा खरा प्रश्न. उणे २५ला मोजा काढून स्क्रू फिरवणं म्हणजे बोटांशी वैर.

दारांचंही तसंच. मागचा फाळका खाली टेकला की त्याचाच उतार होतो आणि त्यावरून गाडी आत जाते. चांगल्या ट्रेलरला पुढेही असाच उतार असतो, म्हणजे मागून आत आणि पुढून बाहेर. पूर्वी ही गरजच होती, कारण बहुतेक जुन्या स्नोमोबिलींना रिव्हर्स नव्हता. पुढचा भाग उचलून माणसांनी ती ओढून काढायची. आता दोन-स्ट्रोक इंजिनांत गमतीदार युक्ती असते. बटण दाबलं की इंजिन जवळजवळ बंद पडतं आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडून ते उलट्या दिशेने फिरायला लागतं. तरीही अंधारात, अरुंद ट्रेलरमधून गाडी मागे काढण्यापेक्षा समोरून सरळ बाहेर पडणं केव्हाही बरं. डिसेंबरात इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा फाळक्यावर उजेड पाडणारा दिवा ही चैन मुळीच नव्हे.

महामार्गावर मिठाचा चिखल बिजागऱ्यांत भरतो, रबरी कड गोठते आणि फाळका उघडेनासा होतो. शेजाऱ्यांच्या ट्रकमध्ये त्यासाठी रबरी हातोडा असतो. आणि फाळका उघडायची गरजच कमी करणारी एक साधी सोय मला सर्वांत आवडली: ट्रेलरच्या बाजूच्या भिंतीत, आतल्या गाडीच्या टाकीसमोर येईल अशी हातभर झडप. डुलुथच्या वाटेवरच्या हिंकली गावात, पेट्रोल पंपावर एक बाई ट्रेलरला लागून उभी राहिली, झडप उघडली, पंपाची नळी आत घातली, टाकी भरली आणि झडप लावून पुढे गेली. शेजारच्या पंपावर झडप नसलेले दोघेजण फाळका उघडून, गाडी बाहेर काढून, वाऱ्यात उभे होते.

हीटरच्या बाबतीत मात्र मी जुन्या पठडीतला आहे. कपडे बदलायला ऊब हवी म्हणून गॅसचा हीटर बसवतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते, आणि जवळच ज्योत. शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो तो वेगळाच. मध्ये पक्की भिंत आणि बाहेरून हवा घेऊन बाहेरच सोडणारा हीटर असेल तर ठीक, नाहीतर थंडीच बरी.

विजेचा एक बारकावा सांगायलाच हवा. मागचे लाल दिवे आता एलईडीचे असतात आणि ते तापत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर बसलेला बर्फ वितळत नाही. मागच्या ड्रायव्हरला ट्रेलर दिसतच नाही. दिवे उंचावर, उडणाऱ्या चिखलापासून दूर बसवले तर फरक पडतो. ट्रकला जोडायच्या सात पिनांच्या प्लगला ग्रीस माखावं लागतं, नाहीतर महिन्याभरात पिना हिरव्या पडतात. ब्रेकचं म्हणाल तर मिनेसोटात ३,००० पौंडांपासून पुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, आणि चार स्नोमोबिली भरल्या की हा आकडा केव्हाच मागे पडतो.

रुंदीला कायद्याची मर्यादा १०२ इंचांची. तेवढा रुंद ट्रेलर घेतला तर दोन गाड्या शेजारीशेजारी मावतात, सात फुटी घेतला तर त्या पुढेमागे लावाव्या लागतात. पण रुंद ट्रेलर घराच्या गराजमध्ये शिरत नाही, आणि पुष्कळ उपनगरांचे नियम तो दारात उभा करू देत नाहीत. मग गावाबाहेर एखाद्या शेतकऱ्याचं कोठार भाड्याने घ्यायचं.

शेजाऱ्यांनी शेवटी साधा, बिनकपाटांचा घेतला. तळात जागोजागी पट्ट्या आहेत, त्यांतून स्कीच्या दांड्या काढून ठेवता येतात आणि सपाट तळ मोकळा होतो. हिवाळा कोरडा गेला तर निदान सामान तरी वाहता येईल, असा त्यांचा हिशेब. गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाचं मखर त्याच ट्रेलरमधून हॉलवर गेलं आणि परत आलं. परत येताना सगळा तळ गुलालाने माखला होता. शेजाऱ्यांनी खाली वाकून चिमूटभर बोटांत चोळून पाहिला आणि विचारलं, “हे ॲल्युमिनियम खातं का?” बहुतेक नाही, असं मी म्हणालो. त्यांनी तरीही पाइप आणला आणि कोपऱ्यांतली बुचं काढली.