तळणीच्या तेलावर तापतं घर!

न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो, तरी घरात मुलं टी-शर्टवर हुंदडत असतात. कशी बरं? तिथल्या बऱ्याच इमारतींच्या तळघरात बॉयलर असतो. त्यातलं गरम पाणी किंवा वाफ नळ्यांमधून घरभर फिरते नि खोलीखोलीतले रेडिएटर तापतात. कित्येक बॉयलर तेलावर चालतात. हे तेल म्हणजे डिझेलचं सख्खं भावंड.

आता गंमत ऐका. या तेलात सोयाबीनपासून किंवा हॉटेलात बटाटे तळून उरलेल्या तेलापासून केलेलं बायोडिझेल मिसळतात! थेट कढईतून टाकीत नाही हं. बॉयलरमध्ये तेल बारीक भोकातून जोरात फवारलं जातं आणि ठिणगी पडली की भक्कन पेटतं. खाण्याचं तेल पडलं दाट. ते नीट फवारलं जात नाही, अर्धवट जळतं, काजळी धरते. म्हणून कारखान्यात त्यात मिथेनॉल आणि किंचित कॉस्टिक सोडा घालतात. मग तेलाच्या एकेका रेणूपासून बायोडिझेलचे तीन-तीन रेणू बनतात आणि जड ग्लिसरीन तळाशी बसतं. १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉल घेतलं, तर साधारण १०० किलो बायोडिझेल मिळतं, वर १० किलो ग्लिसरीन!

१०० लिटर मिश्रणात २० लिटर बायोडिझेल असेल, तर त्याला म्हणतात बी-२०. न्यूयॉर्क शहरानं २०१२ मध्ये बी-२ सक्तीचं केलं, २०१७ मध्ये बी-५. बी-२० साठी साल ठरलंय २०३४.

एवढं हळूहळू का? एक तर बायोडिझेल भारी सफाईबाज. जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ ते सुटा करतं, तो फिल्टरमध्ये अडकतो आणि बॉयलर बंद! ऐन थंडीत हो! दुसरं म्हणजे, हिवाळ्यात आपलं खोबरेल थिजतं ना, तसंच याचंही होतं. सोयाबीनचं बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपास गढूळ व्हायला लागतं. त्यामुळे टाकी तळघरात असली तर बरं, अंगणात असली तर पंचाईत.

मला विचाराल तर तळणीचं उरलेलं तेल वापरणंच जास्त शहाणपणाचं. जाळण्यासाठी मुद्दाम सोयाबीन पेरायचं, तर तेवढी जमीन खाण्याच्या पिकांना कमी पडणार.

आता तुमचं काम. आईबाबांना विचारून खोबरेल, शेंगदाणा आणि सोयाबीन तेल तीन छोट्या वाट्यांत घ्या, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि कोणतं थिजलं, कोणतं गढूळलं ते आम्हाला पत्रानं कळवा!