मोटारीच्या ब्रेकला चामडे कोणी लावले?

मोटारीचा इतिहास शिकवताना आपण कार्ल बेंझचे नाव सांगतो आणि पुढे जातो. त्याची पत्नी बर्था मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटते. ऑगस्ट १८८८ मध्ये दोन मुलांना बरोबर घेऊन तिने जर्मनीतील मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत मोटार नेली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक, म्हणजे साधारण आपल्या वर्ध्याहून अमरावतीइतके.

वाटेत उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. बर्थाने जोडे बनवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर गाडी अडली, तेव्हा मुलांना ती ढकलावी लागली. म्हणून तिने कार्लला आणखी एक गिअर बसवायला सुचवले.

यामागचे विज्ञान वर्गात सहज दाखवता येते. लाकडी ठोकळा फळीवर ठेवा व फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा कोणत्या उंचीला घसरतो ते मोजा. मग त्याच्या तळाला जुन्या चपलेचे चामडे लावून पुन्हा मोजा. दोन्ही उंचींतील फरक म्हणजे घर्षणातील फरक. गिअरचेही तसेच. इंजिनाची शक्ती मर्यादित असते आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. चढावर जास्त बल हवे, तर वेग कमी करावा लागतो. खालचा गिअर हेच करतो.

बर्थाकडे अभियंत्याची पदवी नव्हती. पण प्रशिक्षण घेतलेल्यांची वाट तरी कुठे सोपी होती? १९१४ मध्ये डोरोथी पुलिंजरने ब्रिटनमधील मोटार अभियंत्यांच्या संस्थेकडे सदस्यत्व मागितले. नियमातील ‘व्यक्ती’ म्हणजे पुरुष, असे सांगून तिला नकार मिळाला. पुढे तीच या संस्थेची पहिली स्त्री सदस्य झाली. १९२० च्या दशकात तिच्या देखरेखीखाली स्कॉटलंडमध्ये ‘गॅलोवे’ ही मोटार तयार होऊ लागली.

आपल्याकडे १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत, स्त्रियांनी अर्ज करू नये, असे छापले होते. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून याचा जाब विचारला. मुलाखतीचे बोलावणे आले आणि त्या टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात पहिल्या स्त्री अभियंता म्हणून रुजू झाल्या.

फळीचा प्रयोग करताना आपण एवढेच पाहू या, की मोजपट्टी मुलाच्या हाती आणि वही मुलीच्या हाती, अशी वाटणी नकळत होत नाही ना?