बर्फाच्या खोक्यातली तोटी

सहलीला ताजी बिअर न्यायची म्हणून परदेशातले हौशी लोक बर्फाच्या खोक्यालाच तोटी बसवतात. आत स्टीलच्या नळीची गुंडाळी, तिच्याभोवती बर्फ. टाकीतली बिअर वायूच्या दाबाने गुंडाळीतून फिरते आणि थंड होऊन ग्लासात पडते. वाशीमला आम्ही तसाच खोका घरी बांधला, पण सोड्यासाठी. महाराष्ट्रात घरी बिअर बनवायची तर परवाना लागतो, आणि रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेतल्या उन्हात माणसाला लिंबूसोडाच आठवतो. तसं बिअर आणि सोड्याचं घराणं एकच. जोसेफ प्रीस्टलीने लीड्सला पाण्यात पहिल्यांदा वायू मुरवला तो बिअरच्या कारखान्यात, आंबवणीच्या पिंपावर पाणी धरून, १७६७ च्या सुमारास.

गुंडाळीवरच सगळं अडतं. भंगारवाल्याकडे जुन्या एसीची नळी होती. "घ्या ना भाऊ, तांब्याची हाये, लवकर गार करते." गार करते हे खरं, पण सोडा आंबट असतो, तांबं खातो, आणि ते पोटात जातं. पितळी तोटीही त्याच कारणाने बाद. स्टीलची नळी वळवताना पिचकते, म्हणून वेल्डिंगवाल्याने आधी तिच्यात बारीक कोरडी वाळू ठासली, दोन्ही तोंडं बंद केली आणि लोखंडी पाइपाभोवती हळूहळू वेढे दिले. नंतर वाळू धुऊन काढायला वळवण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

बर्फ नळीच्या बाहेर राहतो, त्यामुळे निळा, न खाण्याचा बर्फही चालतो. मात्र खोक्याचं झाकण घट्ट हवं.

आपल्याकडचं खरं भांडण उन्हाशी. साध्या हवेच्या दाबाला शून्य अंशाचं एक लिटर पाणी सुमारे पावणेदोन लिटर कार्बन डायऑक्साइड धरतं, चाळीस अंशाचं जेमतेम अर्धा. म्हणून टाकीलाही ओलं गोणपाट गुंडाळावं लागतं. दाब देणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची तर वेगळीच तऱ्हा: ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. एप्रिलच्या दुपारी सिलिंडर उन्हात ठेवला की आतला दाब चढतच जातो. तो सावलीतच हवा, तोही उभा, बांधलेला, मोकळ्या हवेत. किती वायू उरलाय ते रेग्युलेटरचा काटा धड सांगत नाही. सिलिंडर वजनकाट्यावर चढवायचा.

तोटीतून नुसता फेस आला की जो तो दाब कमी करायला धावतो. त्याने फेस वाढतो, कारण वायू नळीतच सुटा होतो. नळी बारीक आणि लांब घेतली की दाब वाटेतच खर्ची पडतो आणि सोडा शांतपणे उतरतो. सांधे साबणाच्या पाण्याने तपासायचे. बुडबुडा दिसला की पुन्हा आवळायचे.

लिंबू टाकीत कधीच पिळू नये, गर तोटीत अडकतो. लिंबू-मीठ आधी ग्लासात घालून वर सोडा सोडावा. पोरांना मात्र मीठ वरूनच हवं असतं, फसफसून ग्लासाबाहेर येईल असं.