उद्याच्या जगातील काळा माणूस

जून १९६७ मधील गोष्ट. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जन्मलेले सॅम्युएल डिलेनी हे पंचवीस वर्षांचे कृष्णवर्णीय लेखक त्या वेळी विज्ञानकथेच्या क्षेत्रात नाव मिळवू लागले होते. 'बेबल-१७' या त्यांच्या कादंबरीस त्याच वर्षी नेब्यूला पारितोषिक मिळाले होते. 'नोव्हा' ही त्यांची नवी कादंबरी क्रमशः प्रसिद्ध व्हावी म्हणून 'अ‍ॅनालॉग' मासिकाचे संपादक जॉन कॅम्बेल यांच्याकडे गेली. कथानक बत्तिसाव्या शतकातले. ताऱ्याच्या स्फोटातून दुर्मीळ मूलद्रव्य हस्तगत करण्यास निघालेल्या अंतराळयानाचे. नायकाची आई सेनेगलची, त्यामुळे तो वर्णाने काळा. कॅम्बेल म्हणजे अमेरिकन विज्ञानकथेचे त्या काळचे द्रोणाचार्य. त्यांनी कादंबरी परत केली. डिलेनी यांच्या मध्यस्थाला त्यांनी कारण सांगितले ते असे, की काळ्या नायकाशी आपल्या वाचकांना समरस होता येईल असे वाटत नाही.

वास्तविक या वाचकांना समरसतेचे वावडे होते असे नाही. यंत्रमानव, परग्रहांवरील विचित्र जीव, मनातले विचार वाचणारी माणसे यांच्याशी ते दर महिन्याला समरस होत आले होते. बाराशे वर्षांनंतरचे जग त्यांना पटत होते. त्या जगात काळा माणूस यानाचा कप्तान झालेला असेल, एवढे मात्र पटणार नाही असे संपादकांना वाटले. तेही नागरी हक्कांचा कायदा संमत होऊन तीन वर्षे लोटल्यावर.

हा एका संपादकाच्या पूर्वग्रहाचा प्रश्न असता, तर त्याची आठवण ठेवण्याचे कारण नव्हते. परंतु त्या काळातील विज्ञानकथा चाळल्या म्हणजे ध्यानात येते, की कृष्णवर्णीयांना भविष्यकाळातून कोणी मुद्दाम हाकलून दिले होते असे क्वचितच दिसते. त्यांची कोणाला आठवणच झाली नव्हती. वर्णाचा प्रश्न पुढे सुटलेला असेल, असे लेखक गृहीत धरीत. आणि तो कसा सुटला, तर त्या जगात गोऱ्यांखेरीज कोणी दिसतच नसे! दूरचित्रवाणीवरील 'स्टार ट्रेक' मालिकेत १९६६ साली निशेल निकल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला यानावरील अधिकाऱ्याची भूमिका मिळाली, याचे केवढे अप्रूप वाटले होते! पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडण्याच्या विचारात होत्या. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबवले, असे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितले आहे. भावी जगातील त्या एका खुर्चीचे मोल किंग यांच्यासारख्या नेत्याला कळले होते.

कृष्णवर्णीयांच्या या कल्पनासाहित्याला, संगीताला आणि चित्रकलेला मिळून 'आफ्रोफ्युचरिझम' हे नाव पडले ते बरेच उशिरा. मार्क डेरी या समीक्षकाने १९९३ साली डिलेनी यांच्यासह तिघांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्याने ते प्रथम वापरले. आफ्रो-भविष्यवाद असे त्याचे भाषांतर करता येईल. डेरी स्वतः गोरा. पण त्याने उपस्थित केलेला प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. ज्या समाजाचा भूतकाळ जाणूनबुजून पुसून टाकला गेला, त्याने भविष्याची चित्रे कोणत्या आधारावर रंगवावीत?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या. त्यांत मालकाचे नाव आहे. त्याखाली गुलामांचे वय, लिंग आणि वर्ण आहे. नाव बहुधा नाही. सर्व कृष्णवर्णीयांची नावानिशी नोंद प्रथम झाली ती १८७० साली. आपल्या कुळाचा शोध घेणाऱ्या आजच्या कृष्णवर्णीय माणसाची वाट त्या वर्षापाशी येऊन अडते. त्यापलीकडे पणजोबा कागदावर असतात, पण 'पुरुष, वय ३०, काळा' एवढेच. अशा माणसाला कल्पनाशक्ती ही चैनीची वस्तू वाटत नाही. मागे जाण्यासाठीही तिचीच गरज लागते आणि पुढे जाण्यासाठीही.

नाव नवे असले, तरी वृत्ती जुनी आहे. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हे समाजशास्त्रज्ञ आणि लोकनेते म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांनी १९२० साली 'द कॉमेट' नावाची एक विज्ञानकथा लिहिली होती, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. बँकेतील एक काळा निरोप्या तळघरात कागद आणायला उतरतो. तो वर येतो तेव्हा धूमकेतूच्या विषारी वायूने सारे न्यूयॉर्क मरून पडलेले असते. काल ज्या उपाहारगृहात त्याला कोणी वाढले नसते, तिथे तो आज आपल्या हाताने घेऊन खातो. पुढे त्याला एक श्रीमंत गोरी तरुणी जिवंत आढळते. जगात आपण दोघेच उरलो आहोत असे वाटताच दोघांमधल्या भिंती हळूहळू गळून पडतात. इतक्यात तिचे वडील माणसांसह येऊन पोचतात. मेले ते फक्त न्यूयॉर्क. बाहेरचे जग होते तसेच आहे. क्षणार्धात तो पुन्हा 'काळा' होतो आणि त्याला फासावर लटकवण्याची भाषा ऐकू येऊ लागते. समतेचे दर्शन घडवण्यासाठी डुबॉइस यांना आख्खे शहर मारावे लागले, आणि तेही दर्शन एका दिवसापुरतेच टिकले.

या परंपरेत सर्वांत समर्थ लेखिका कोण, असे विचारल्यास मी निःसंकोचपणे ऑक्टाव्हिया बटलर यांचे नाव घेईन. त्या १९४७ साली कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे जन्मल्या आणि २००६ साली निवर्तल्या. वडील बूटपॉलिश करीत; ते लवकर वारले. आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि झाडलोट करी. आईबरोबर जाणाऱ्या या मुलीने मागच्या दाराने आत शिरणे आणि मान खाली घालून अपमान गिळणे जवळून पाहिले होते. लहानपणी आईचा तिला राग येई. पुढे महाविद्यालयात एक तरुण सहाध्यायी आधीच्या पिढ्यांच्या लाचारीवर त्वेषाने बोलताना तिने ऐकला, आणि या मुलाला इतिहास ठाऊक आहे पण तो त्याला कळलेला नाही, असे तिच्या मनात आले. 'किंड्रेड' या १९७९ च्या कादंबरीचे बीज तिथले आहे.

कादंबरीची नायिका डेना ही १९७६ सालच्या लॉस एंजलिसमधील सुशिक्षित तरुणी. एकाएकी ती एकोणिसाव्या शतकातील मेरीलँडच्या एका मळ्यावर खेचली जाते. मळेवाल्याचा मुलगा रूफस संकटात सापडला, की तिने जाऊन त्याला वाचवायचे. कारण हाच रूफस तिचा पूर्वज आहे. मोठा झाल्यावर तो एका काळ्या स्त्रीला बळाने आपलीशी करणार, आणि त्या संबंधातून डेनाचा वंश सुरू होणार. त्याला मरू द्यावे तर स्वतःचा जन्म नाही. वाचवावे तर त्या स्त्रीच्या विटंबनेत आपला हात. या कालप्रवासाला यंत्र नाही, शास्त्रीय स्पष्टीकरणही नाही. डेना शेवटी परत येते, पण तिचा डावा हात भिंतीत अडकून तुटतो. तिला तिथून धडधाकट परत आणणे बटलर यांना मान्यच नव्हते. पूर्वजांच्या 'लाचारी'चा अर्थ डेनाला चाबकाखाली कळतो. जगणे हेच त्यांचे बंड होते, आणि ते जगले म्हणून ती आहे.

अलीकडे विद्यापीठांतून 'मानवोत्तर' विचाराचा बोलबाला आहे. माणूस हा विश्वाच्या केंद्रस्थानी नाही. शरीर आणि यंत्र यांमधील सीमा पुसट होत आहेत. तेव्हा 'मानव' या जुन्या कल्पनेचा निरोप घ्यावा, असे त्याचे स्थूल स्वरूप. डॉना हॅरवे यांच्या १९८५ च्या निबंधापासून या चर्चेला धार आली. त्यात तथ्य पुष्कळ आहे. परंतु जमैकाच्या विचारवंत सिल्व्हिया विंटर यांनी एक अडचणीचा मुद्दा मांडून ठेवला आहे. युरोपने ज्याला 'मानव' म्हटले तो मानवजातीतील एक नमुना होता. त्यालाच संपूर्ण मानवजात म्हणून खपवण्यात आले. प्रतिनिधित्वासाठी लोकसंख्या मोजताना अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेने पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब केला होता. ज्यांना त्या घरात कधी पुरते घेतलेच नाही, त्यांना आता घर सोडायला सांगण्यात काय हशील?

बटलर यांच्या 'डॉन' (१९८७) या कादंबरीत हा पेच मूर्तिमंत झाला आहे. अणुयुद्धात पृथ्वी उद्ध्वस्त झाल्यावर उरलेल्या माणसांना ओअनकाली नावाचे परग्रहवासी वाचवतात. मोबदल्यात त्यांना माणसांशी वंशसंकर हवा असतो. नकार देणाऱ्यांना मुले होणार नाहीत. लिलिथ या काळ्या स्त्रीला ते मध्यस्थ म्हणून निवडतात. तिच्या शरीरातील कर्करोग ते बरा करतात, पण वाढत राहण्याची त्या पेशींची शक्ती त्यांना मोलाची वाटते. हे वाचताना हेन्रिएटा लॅक्स यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी १९५१ साली बाल्टिमोरच्या रुग्णालयात तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. मृत्यूपलीकडे टिकणाऱ्या मानवी शरीराचे स्वप्न कोणाच्या देहावर प्रथम साकार झाले, हे मानवोत्तर विचाराच्या भाष्यकारांनी विसरू नये. ओअनकाली तारक की मालक, याचा निवाडा बटलर करीत नाहीत. वाचकाला त्या अवघडलेलाच ठेवतात.

या तुलनेत २०१८ च्या 'ब्लॅक पँथर' चित्रपटातील वाकांडा हे राज्य मला फार सोयीचे वाटते. मराठी वाचकाला पँथर म्हटले की १९७२ ची दलित पँथर आठवते. तिने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून, चित्रकथेतील या राजाशी तिचा संबंध नाही. वाकांडाला गुलामगिरी शिवलीच नाही, चमत्कारी धातू त्याच्या भूमीतच आहे, आणि गादी वंशपरंपरेची. दुःख वगळून मिळालेले भविष्य सुखद असते. चित्रपटगृहांतून कृष्णवर्णीय मुलांना जो आनंद झाला तो खोटा नव्हे. पण जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली अमेरिकेतील ज्या मुक्तिकार्याच्या गौरवार्थ अर्पण केले, त्याचे पुढे काय झाले याचे उत्तर वाकांडात नाही. ते डुबॉइस आणि बटलर यांच्याकडे शोधावे लागते.

विज्ञानकथेचा दरवाजा मध्यंतरी बराच उघडला, हे कबूल केले पाहिजे. एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेला २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे सर्वोत्तम कादंबरीचे ह्यूगो पारितोषिक मिळाले. असा मान पूर्वी कोणालाच लाभला नव्हता. नवोदितांच्या पारितोषिकाला कॅम्बेल यांचे नाव होते, ते २०१९ साली काढण्यात आले.

पण भविष्यकाळ आता केवळ कादंबऱ्यांतून घडत नाही. जॉय बुओलाम्विनी ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी एमआयटीत काम करीत असताना, चेहरा ओळखणाऱ्या संगणकाला तिचा चेहरा दिसेना. तिने पांढरा मुखवटा चढवला, तेव्हा तो दिसला. पुढे एका सहकारी संशोधिकेबरोबर तिने चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के होते; सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. जेमिसिन यांना तिसरे ह्यूगो मिळाले तेच हे वर्ष.