खिशात मावणारी जीप

खेळण्यांच्या दुकानात काचेआड ठेवलेली छोटी जीप तुम्ही पाहिली असेल. लांबी आगपेटीएवढी, पण तळहातावर घेतली की चांगलीच जड लागते. चाके फिरतात, पुढच्या जाळीतल्या फटी दिसतात, मागे टांगलेले जादा चाकही जागच्या जागी असते. असल्या ओतीव धातूच्या, म्हणजे डायकास्ट गाड्या जमवणारी मंडळी जगभर आहेत. कोणी फक्त शर्यतीच्या गाड्या जमवतो, कोणी बसगाड्या. आपण आज आडवाटेने जाणाऱ्या गाड्यांचा विचार करू. चिखल, वाळू, नदीचे पात्र, डोंगराची चढण अशा ठिकाणी जाण्यासाठी ज्या बांधल्या जातात त्या जीप, लँड रोव्हर आणि त्यांची भावंडे. हा छंद लागला की तुमच्या कंपासपेटीला बरेच काम मिळते, असे आढळून येईल.

सुरुवात फूटपट्टीपासून करू. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकेत बनू लागलेली विलीज एमबी ही सर्वांत प्रसिद्ध जीप. विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून युद्धाच्या काळात अशा सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. तिची लांबी सुमारे ३.३३ मीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. आता तुमच्या जवळच्या छोट्या जीपचे हेच अंतर मोजा. समजा ते ३२ मिलिमीटर भरले. २०३२ ला ३२ ने भागा. उत्तर येते साडेत्रेसष्ट. म्हणजे तुमची जीप १:६४ या प्रमाणातली आहे. एकूण लांबीऐवजी चाकांमधले अंतर का मोजायचे? कारण बंपर, जादा चाक, दोर बांधायचा आकडा यांमुळे लांबीचा घोटाळा होतो. चाकांचे मध्यबिंदू मात्र सहसा फसवत नाहीत.

१:६४ प्रमाणेच १:४३ हेही प्रमाण तुम्हाला वारंवार दिसेल. ४३ हा आकडा कोठून आला असेल? त्याचे उत्तर खेळण्यातल्या आगगाडीत आहे. ब्रिटनमध्ये एका जातीच्या आगगाड्यांसाठी एक फूट म्हणजे सात मिलिमीटर असे माप ठरले होते. एका फुटाचे मिलिमीटर ३०४.८. त्यांना ७ ने भागले की ४३.५ येतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३० नंतरच्या काही वर्षांत आपल्या आगगाड्यांच्या शेजारी मांडण्यासाठी छोट्या मोटारी काढल्या आणि १९३४ पासून त्या डिंकी या नावाने विकल्या जाऊ लागल्या. पुढे युद्ध आले, कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. युद्ध संपल्यावर १९४६ साली डिंकीने जी पहिली नवी मॉडेले बाजारात आणली, त्यांत एक जीप होती. ज्या मुलांनी खऱ्या जीपगाड्या आपल्या रस्त्यांवरून धावताना पाहिल्या होत्या, त्यांच्या हातात आता ती खेळणे म्हणून आली.

प्रमाणाच्या बाबतीत सर्वच कारखाने इतके काटेकोर नव्हते. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची परवानगी होती. त्यांनी तिला पितळेचा एक चिमुकला रोड रोलर करून दिला, आणि त्यातूनच १९५३ साली मॅचबॉक्स ही मालिका निघाली. येथे प्रमाण ठरवले ते पेटीने! बसही त्याच पेटीत बसली पाहिजे आणि जीपही. म्हणून बस जास्त आखूड करावी लागली आणि जीप कमी. एका फळीवर त्या शेजारी ठेवल्या तर जीपमधला चालक बसमधल्या उतारूंच्या मानाने राक्षस वाटेल. काही संग्राहक यामुळे नाक मुरडतात. मला स्वतःला या गाड्यांत मजा वाटते, कारण प्रत्येकीचे प्रमाण नव्याने शोधून काढावे लागते.

वजनाचे कोडे

आता जरा अवघड गणित. खऱ्या जीपचे वजन सुमारे १,०४० किलोग्रॅम. १:६४ प्रमाणातल्या जीपचे किती असावे? '१,०४० भागिले ६४, म्हणजे सव्वासोळा किलो' असे कोणी म्हणाले तर तुम्ही लगेच हसाल. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही ६४ पटींनी लहान झाली, म्हणून घनफळ ६४ × ६४ × ६४, म्हणजे २,६२,१४४ पटींनी लहान झाले. त्या हिशेबाने छोट्या जीपचे वजन जेमतेम ४ ग्रॅम भरायला हवे. पण ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ती ठेवून पाहा. धातूची जीप त्याच्या कितीतरी पट भरेल. तीस-चाळीस ग्रॅमची गाडी काही दुर्मिळ नाही. असे का?

खऱ्या जीपचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा धरा. तो ६४ पटींनी पातळ केला तर जाडी येते ०.०१६ मिलिमीटर, म्हणजे पोळ्या गुंडाळायच्या अल्युमिनियमच्या कागदाएवढी! एवढ्या पातळ भिंती ओतता येत नाहीत आणि ओतल्या तरी पहिल्याच दिवशी चुरगळतील. म्हणून छोट्या जीपच्या भिंतीही मिलिमीटरभर जाड ठेवाव्या लागतात. उलट हिशेब केला तर खऱ्या जीपचा पत्रा ६४ मिलिमीटर जाड केल्यासारखे हे झाले. ते मग रणगाड्याचे चिलखतच म्हणायचे.

लँड रोव्हरच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. ही गाडी १९४८ च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. तेव्हा ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचे बाहेरचे अंग अल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले. तिची छोटी प्रतिकृती मात्र जस्ताच्या मिश्रधातूची असते, आणि हा धातू अल्युमिनियमच्या जवळजवळ अडीचपट जड. म्हणजे येथे खेळण्यातला धातू खऱ्या गाडीपेक्षा भारदस्त ठरतो.

पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून छोटी जीप खाली पडली तर ६४ च्या प्रमाणात ती ४८ मीटरांवरून, म्हणजे सोळाएक मजल्यांच्या इमारतीवरून पडली. खऱ्या जीपचा यात चेंदामेंदा होईल. छोटीचा थोडा रंग उडतो, एवढेच. वस्तू लहान होते तेव्हा तिचे वजन घनाच्या हिशेबाने घटते, पण तिची मजबुती आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे वर्गाच्या हिशेबाने घटते. वजन फार कमी झाले, मजबुती त्या मानाने कमी झाली नाही, आणि वर भिंती जाड. मुंगी कितीही उंचावरून पडली तरी उठून चालू लागते, त्याचेही एक कारण हेच आहे.

साच्यातून बाहेर

या गाड्यांच्या मिश्रधातूला झामॅक म्हणतात. जस्त, अल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. यात जस्तच प्रमुख. अल्युमिनियम शेकडा चारच्या आसपास, बाकीचे दोन अगदी थोडे. शुद्ध जस्त ४१९ अंश सेल्सिअसच्या वर वितळते, हे मिश्रण ३८५ च्या आसपासच वितळते. तापमान इतके कमी असल्यामुळे पोलादी साचा लवकर खराब होत नाही आणि एकाच साच्यातून लाखो गाड्या निघू शकतात. वितळलेला धातू दट्ट्याने दाबून साच्यात घुसवतात. तो क्षणात थिजतो, साच्याचे भाग दूर होतात आणि आतल्या खिळ्या गाडीला बाहेर ढकलतात. गाडी उलटी करून आत पाहिलेत तर या खिळ्यांचे गोल ठसे सापडतील. बाजूने बारीक उंच रेघ दिसली तर तेथे साच्याचे दोन भाग मिळत होते असे समजा. थंड होताना हा धातू हजारात सुमारे सहा भागांनी आक्रसतो, म्हणून साचा मुळातच तेवढा मोठा कोरतात.

तळावर साल कोरलेले असते, त्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पुष्कळदा ते साचा तयार झाल्याचे किंवा त्यावर हक्क नोंदवल्याचे साल असते. गाडी त्यानंतर दहा वर्षांनीही ओतलेली असू शकते.

जस्ताची कीड

काही फार जुन्या गाड्या, विशेषतः महायुद्धापूर्वीच्या, कपाटात ठेवल्या ठेवल्या फुगतात, वाकतात, त्यांना कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात आणि एक दिवस हात लावताच त्यांचे तुकडे होतात. संग्राहक याला जस्ताची कीड म्हणतात. खरी कीड येथे कोणतीच नसते. दोष असतो ओतण्याच्या दिवशीचा. मिश्रधातूत शिशाचा अंश गेला की तो घट्ट जस्तात विरघळून राहत नाही, धातूच्या सूक्ष्म स्फटिकांच्या सीमांवर जाऊन बसतो. मग हवेतला दमटपणा त्या सीमांमधून आत शिरतो आणि धातू आतून गंजू लागतो. गंजाला धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून गाडी आधी फुगते आणि मग तडकते. याला किती शिसे पुरते? शेकडा ०.००५ ही आज ठरलेली कमाल मर्यादा आहे, म्हणजे एक किलो धातूत फक्त ५० मिलिग्रॅम! पूर्वीच्या कारखान्यांत शिशाचा एखादा तुकडा भट्टीत पडला तर पुढच्या कितीतरी गाड्यांचे मरण त्याच दिवशी ठरून जाई.

ही कीड शेजारच्या गाडीला लागते, ही समजूत चुकीची आहे. पण तिच्यावर औषधही नाही. ती लांबवता तेवढी येते. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात गाड्या हवाबंद डब्यात ठेवा आणि सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. डबा उन्हात मात्र ठेवू नका, उष्णतेनेही ही क्रिया वाढते आणि रंगही विटतो. फार जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून त्या लहान भावंडांच्या तोंडापासून दूर ठेवा आणि हाताळल्यावर हात धुवा. उडालेल्या रंगाच्या जागी नवा रंग फासण्याचा मोह पुष्कळांना होतो. माझे मत विचाराल तर तसे करू नये. त्या टवक्याखाली मूळ धातू कसा आहे हे दिसते, आणि रंगाखाली लपलेली चीर तुम्हालाच पुढे फसवील.

जीप खरी की नावाची?

गाडी विकत घेण्यापूर्वी पुढची जाळी पाहा. युद्धातल्या पत्र्याच्या जाळीच्या विलीजला नऊ उभ्या फटी होत्या, नंतरच्या नागरी जीपला सात. युद्धातली विलीज म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या जीपला सात फटी दिसल्या तर कारखान्याने घाई केली असे खुशाल म्हणा. उंच बॉनेटची जीप मिळाली तर ती आपल्या विशेष ओळखीची. सीजे-३बी नावाचे हे मॉडेल उंच इंजिन बसावे म्हणून तसे केले होते आणि ते महिंद्र कंपनीने आपल्याकडे कित्येक वर्षे बनवले. गावाकडे एखादी अजूनही उभी दिसेल.

मग कोनमापक काढा. पुढच्या चाकाच्या तळापासून बंपरच्या खालच्या कडेला टेकेल अशी पट्टी धरा आणि तिचा जमिनीशी होणारा कोन मोजा. गाडी बंपर न आपटता किती उभ्या चढणीला भिडू शकते, ते हा कोन सांगतो. खऱ्या विलीजचा तो ४५ अंश आहे, मागच्या बाजूचा ३५. लांबी ६४ पटींनी घटते, वजन लाखो पटींनी, पण कोन मात्र जसाच्या तसा राहतो! म्हणून छोट्या जीपचाही ४५ च्या जवळपास यायला हवा. तीसच आला तर चाके लहान बसवली आहेत किंवा अंग खाली दाबले आहे असे समजा. सपाट रस्त्यावर वेगाने घरंगळावी म्हणून काही कारखाने असे करतात.

शेवटी एक प्रयोग. धातूच्या तळाची एक आणि प्लास्टिकच्या तळाची एक, अशा साधारण सारख्याच रुंदीच्या दोन जीपगाड्या एका फळीवर आडव्या ठेवा. घसरू नयेत म्हणून खालच्या बाजूच्या चाकांना फूटपट्टीची कड लावा. फळीची दुसरी बाजू हळूहळू उचला आणि प्रत्येक गाडी किती अंशांना कलंडते ते वहीत लिहा. कोणती आधी कलंडेल याचा अंदाज फळी उचलण्यापूर्वीच लिहून ठेवा.